आधी विहार, मग लेणी: मुंबईत धम्मसाधना सुरू करताना

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांना पहिल्यांदा जाणारा माणूस तीन क्रमांकाच्या चैत्यगृहात (स्तूप असलेल्या प्रार्थनागृहात) जातो, व्हरांड्यातल्या दोन मजली उंचीच्या बुद्धमूर्तींसमोर हात जोडतो, फोटो काढतो आणि परततो. साधनेच्या ओढीने जाणाऱ्याने मात्र आणखी दोन जागा पाहाव्यात. एक म्हणजे वरच्या अंगाला विखुरलेल्या लहान खोल्या. आत दगडातच कोरलेला ओटा, एका माणसापुरता, आणि बाहेर पावसाचं पाणी साठवणारी पोढी. दुसरी जागा अकरा क्रमांकाचं लेणं, लोक ज्याला दरबार हॉल म्हणतात ते. त्यात दोन लांबलचक बुटके दगडी बाक आहेत, सगळ्यांनी एकत्र बसण्यासाठी. एकट्याचा ओटा आणि सर्वांचा बाक एकाच डोंगरात आहे. शिवाय इथले शिलालेख वाचले तर दान देणारे कल्याण, सोपारा, चेऊल अशा बंदरांतले व्यापारी आणि गृहस्थ निघतात. जंगलातला भिक्खू बाजारपेठेतल्या माणसाच्या आधाराने जगत होता.

नव्याने धम्माकडे वळणारे मुंबईकर नेमकं हेच विसरतात. शहराचा वीट आलेला असतो, म्हणून सरळ जंगल गाठायचं किंवा पहिल्याच फटक्यात दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करायचं. दोन्हींतून परतल्यावर पंधरा दिवसांत सगळं विरून जातं, कारण परत आल्यावर सोबतीला कुणी नसतं. म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे: पावसाळ्यात घराजवळचा विहार (वस्तीतलं बौद्ध प्रार्थनास्थळ), थंडीत लेणी आणि त्यानंतर निवासी शिबिर. हा क्रम भिक्खूंच्या वर्षाशीही जुळतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खू एका जागी वर्षावास करतात. पावसात फिरताना कोवळं गवत आणि बारीक जीव तुडवले जातात, ही लोकांची तक्रार त्या नियमामागे होती. मुंबईच्या पावसात शेवाळलेल्या कातळावर चढण्यापेक्षा तीन महिने आत बसणं आपल्यालाही सोयीचं.

पहिली पायरी: विहार शोधणे

मुंबईत विहार शोधायला लांब जावं लागत नाही. वरळी, नायगावच्या बीडीडी चाळी, चेंबूर, घाटकोपर, कुर्ला, गोवंडी, विक्रोळी, मुलुंड, जवळपास प्रत्येक उपनगरात वस्तीने वर्गणी काढून बांधलेले विहार आहेत. बाहेर अनेकदा फळ्यावर कार्यक्रम खडूने लिहिलेला असतो. एकाच विहारावर अडून बसू नका. तीन ठिकाणी प्रत्येकी दोनदा जा. पाहायचं एवढंच: वंदना ठरल्या वेळी सुरू होते का, ध्यानाला वेळ दिला जातो का, स्त्रिया आणि तरुण बोलतात का, आणि नव्या माणसाला कुणी आपणहून जवळ बसवतं का. बरेच विहार फक्त रविवारी सकाळी आणि पौर्णिमेला संध्याकाळी भरतात. बुधवारी दुपारी कुलूप दिसलं म्हणून विहार बंद पडलाय असं समजू नये.

जाताना पांढरा किंवा फिका साधा कपडा घाला. चपला बाहेर. "जय भीम" किंवा "नमो बुद्धाय" म्हटलं की संकोच अर्धा संपतो. भिक्खू असतील तर "भन्ते" म्हणायचं, त्यांच्याहून उंच आसनावर बसायचं नाही. भन्ते दुपारी बारानंतर जेवत नाहीत, तेव्हा भोजनदान द्यायचं असेल तर साडेदहा-अकरापर्यंत पोहोचवा. वंदना भन्तेच घेतील असं नाही. बहुतेक वस्त्यांत बौद्धाचार्य (धम्मविधी करवणारा गृहस्थ) किंवा एखादी अनुभवी ताई घेते.

वंदनेचा क्रम थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखा: त्रिशरण, पंचशील, बुद्धपूजा, मग बुद्ध, धम्म आणि संघ यांची वंदना, शेवटी धम्मपालन गाथा आणि "साधु, साधु, साधु". पहिल्या दोन-तीन वेळा नुसतं ऐका. पाली उच्चार चुकले तरी कुणी रागावत नाही. पण ओठ हलवत पाठ असल्याचं नाटक लगेच कळतं. वंदनेची छोटी पुस्तिका सोबत ठेवा. सहा डिसेंबरच्या आसपास शिवाजी पार्कवर पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, तिथे अर्थासह छापलेल्या पुस्तिका अगदी स्वस्तात मिळतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. इथला बौद्ध समाज १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेतून उभा राहिला आहे. विहारात बुद्धमूर्तीशेजारी बाबासाहेबांची तसबीर असते आणि ध्यानाइतकंच शिक्षण, हक्क, वस्तीचे प्रश्न यांवर बोललं जातं. "मला फक्त ध्यान हवंय, राजकारण नको" असं म्हणत कोपऱ्यात बसणारा माणूस वर्षभर आला तरी पाहुणाच राहतो. कुणाची जात विचारू नका, स्वतःची सांगत बसू नका. कार्यक्रम संपला की सतरंज्या घडी करायला आणि चहाचे कप उचलायला पुढे व्हा. ओळखी तिथेच होतात.

वर्षावासात अनेक विहारांत बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं रोज किंवा आठवड्याला क्रमाने वाचन होतं. नवख्यासाठी याहून चांगली सुरुवात नाही. तीन महिने तीच पंधरा-वीस माणसं भेटतात, आणि त्यांतली दोघं-तिघं तुमचे कल्याणमित्र, म्हणजे धम्माच्या वाटेवरचे चांगले सोबती, होण्याची शक्यता खूप असते. बुद्धांचा शिष्य आनंद याने त्यांना म्हटलं होतं की कल्याणमित्रता हे अर्धं ब्रह्मचर्य, म्हणजे अर्धं धम्मजीवन आहे. बुद्धांनी त्याला थांबवलं आणि सांगितलं, अर्धं नव्हे, सगळंच. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी कमळाचं चित्र पाठवणारा गट मात्र यात मोजू नका.

भारतीय बौद्ध महासभा (स्थापना १९५५) वस्त्यांमधून धम्म-प्रशिक्षणाचे वर्ग आणि श्रामणेर शिबिरं (काही दिवस चीवर घालून भिक्खूसारखं राहण्याची) घेते. त्रिरत्न बौद्ध महासंघ ध्यानाचे नियमित वर्ग चालवतो. वरळीच्या जपानी बौद्ध मंदिरात ढोल वाजवून "ना मु म्यो हो रेंगे क्यो" हा जप चालतो. ती परंपरा वेगळी, पण दाराशी कुणी अडवत नाही. सगळीकडे डोकावून पाहावं, बसायचं ठिकाण मात्र एकच ठेवावं.

घरची बैठक

विहारासोबतच घरी रोज बसायला सुरुवात करा. पहिले दोन आठवडे दहा मिनिटं, पुढचे चार आठवडे वीस, त्यानंतर तीस. एकदम तासभर बसणारे तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात.

सतरंजीवर जाड चादरीची चार-पाच इंच उंच घडी करा आणि घडीच्या पुढच्या कडेवर बसा, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली येतात. गुडघे वर राहिले तर पाठ वाकते आणि दहाव्या मिनिटाला कंबर बोलू लागते. खाली बसणं जमत नसेल तर टेकायची पाठ नसलेलं स्टूल घ्या, पाय जमिनीला टेकवा. खोली लहान असेल, टीव्ही चालू असेल, तर पहाटे पाणी यायच्या आधीची वेळ धरा. चाळीत तीच एक शांत वेळ असते. गच्ची असेल तर उत्तमच.

श्वास जसा येतो तसा येऊ द्या. नाकपुड्यांशी त्याचा स्पर्श जाणा. सुरुवातीला प्रत्येक उच्छ्‌वासानंतर मनात एक अंक, एक ते दहा, मग पुन्हा एकपासून. मोजणी सतरावर पोहोचली तर मन कधीच बाहेर गेलेलं आहे. न चिडता एकवर या. श्वास मुद्दाम लांबवू नका. ते प्राणायामात चालतं, इथे त्याने डोकं जड होतं.

बैठक वीस मिनिटांवर गेली की आठवड्यातून दोनदा श्वासाऐवजी मैत्रीभावना (सगळ्यांचं भलं चिंतण्याचं ध्यान) करा. पाच टप्पे, प्रत्येकी चार-पाच मिनिटं: आधी स्वतः, मग जिवलग मित्र (हयात असलेला, आणि ज्याच्याविषयी शारीरिक ओढ नाही असा), मग ओळखीचा पण परका माणूस, मग ज्याच्याशी बिनसलंय तो, शेवटी हे चौघे आणि त्यांच्याबरोबर सगळेच जीव. तिसऱ्या टप्प्यासाठी मुंबईकराला विचार करावा लागत नाही. लोकलमध्ये रोज चौथ्या सीटवर टेकणारा, ज्याचं नावही माहीत नाही, तो डोळ्यांसमोर आणा. चौथ्या टप्प्यात पहिल्याच आठवड्यात घरातल्या जुन्या वैऱ्याला घेऊ नका. रांगेत घुसलेल्या माणसापासून सुरुवात करा.

अडथळे ठरलेले आहेत आणि त्यांना पाच जुनी नावं आहेत: कामच्छंद, व्यापाद, थीनमिद्ध, उद्धच्च-कुकुच्च आणि विचिकिच्छा. म्हणजे हव्यास, चीड, सुस्ती, अस्वस्थता-पश्चात्ताप आणि "याचा काही उपयोग आहे का" ही शंका. नवख्याला सगळ्यात जास्त गाठते ती सुस्ती. डुलक्या खाणाऱ्या मोग्गल्लान या शिष्याला बुद्धांनी दिलेले उपाय अगदी घरगुती आहेत: कान ओढ, अंग चोळ, उठून डोळ्यांना पाणी लाव, चार दिशांना आणि ताऱ्यांकडे पाहा, येरझाऱ्या घाल, आणि तरीही जमलं नाही तर ठरावीक वेळेला उठायचं पक्कं करून झोप. विरारहून रोज चर्चगेटला जाणाऱ्यासाठी हा शेवटचा उपाय सर्वात महत्त्वाचा. पाच तासांच्या झोपेवर ध्यान होत नाही, डुलकी होते.

थंडी: लेण्यांकडे

सतिपट्ठान सुत्तात (सजगतेवरच्या बुद्धांच्या प्रवचनात) बसायची जागा सांगितली आहे: "अरञ्ञगतो वा रुक्खमूलगतो वा सुञ्ञागारगतो वा". अरण्यात, झाडाच्या मुळाशी किंवा रिकाम्या घरात. कान्हेरीत ही तिन्ही एका तिकिटात मिळतात. तिकिटं खरं तर दोन लागतात: बोरिवली पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाच्या गेटवर वनखात्याचं आणि वर लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याचं. सोमवारी बंद. गेटपासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर. चालत दीड ते पावणेदोन तास, शेवटचा भाग चढाचा. आतल्या वाहनांची व्यवस्था बदलत असते, गेटवर विचारूनच निघा. रविवार टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला शनिवार, गेट उघडताच आत, हे गणित चांगलं.

माणसं सहा ते दहा. चौघांहून कमी असतील तर मोकळ्या जंगलात सावधपणातच मन राहतं. बाराच्या वर गेली की सहल होते. विहारातलीच माणसं घ्या आणि एकाला वेळ पाहायचं काम द्या, म्हणजे बाकीच्यांचे फोन बंद राहतील.

प्रत्येकाने दीड-दोन लिटर पाणी घ्यावं (पोढ्यांतलं पाणी पिऊ नये), बसायला घडीची सतरंजी, पूर्ण बाह्यांचा फिकट सदरा, डासांचं मलम, आणि चपाती-भाजीचा झाकणाचा डबा. प्लास्टिकची पिशवी हातात दिसली की कान्हेरीची माकडं ती ओढून नेतातच, मग आत खाणं असो की नुसती वंदनेची पुस्तिका. डबा पाठीवरच्या बॅगेत, चेन लावलेली. माकडाच्या डोळ्यांत पाहू नका, दात दाखवून हसू नका; त्याला ते आव्हान वाटतं.

दिवसाचा आराखडा साधारण असा. गेटपासून पहिला अर्धा तास गप्पा मारत चाला. पहिल्या पावलापासून मौन लादलं की ते फुगतं आणि चढावर फुटतं. मग वर पोहोचेपर्यंत मौन. लेण्यांजवळ पाणी, दहा मिनिटं टेकणं. बाजूच्या मोकळ्या जागी त्रिशरण-पंचशील, हळू आवाजात. पंचवीस मिनिटं बैठक. मग वीस मिनिटं चंक्रमण, म्हणजे चालण्याचं ध्यान: सपाट जागी वीस-पंचवीस पावलांचा पट्टा ठरवायचा, नजर चार हात पुढे, टाच उचलली, पाऊल पुढे गेलं, टेकलं, एवढंच जाणायचं, टोकाला थांबून, वळून परत. अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: लांब चालण्याची ताकद, उद्योगीपणा, आरोग्य, खाल्लेलं पचणं आणि चालताना लागलेली एकाग्रता जास्त टिकणं. म्हणून चंक्रमण बैठकीच्या आधी किंवा मध्ये घ्या, थकल्यावर शेवटी नको. पुन्हा पंचवीस मिनिटं बैठक, आणि मग अर्धा-पाऊण तास धम्मचर्चा. अकराच्या आत हे सगळं उरकतं. त्यानंतर शाळांच्या सहली येतात आणि चैत्यगृहात एकाने ओरडून प्रतिध्वनी तपासला की पुढचे चाळीसजण तपासतात.

लेण्यात मेणबत्ती, अगरबत्ती पेटवायची नाही. धूर आणि मेण दगडावर कायमचे बसतात. शिवाय हे संरक्षित स्मारक आहे, माइक लावून कार्यक्रम करायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. फुलं अर्पण केली तर परतताना उचलून आणा. खाली पडलेलं फूल घ्या, झाडावरचं तोडू नका. झाडझाडोरा तोडायला भिक्खूंनाही विनयात, म्हणजे संघाच्या नियमांत, मनाई आहे.

बिबट्याचा विषय हसण्यावारी नेऊ नये. हे उद्यान त्यांचं घर आहे. दिवसा, गटाने, वाटेवर असाल तर धोका फारसा नसतो. पण खाली बसलेला माणूस लहान दिसतो, म्हणून झुडपांच्या कडेला पाठ करून डोळे मिटू नका. मोकळ्या कातळावर, मागे दगडी भिंत असेल तिथे बसा. लहान मुलांना गटाच्या मध्ये ठेवा. दुपारी लवकर परत फिरा. तिन्हीसांजेला जंगलात "अजून एक बैठक" नको.

कान्हेरी गर्दीची वाटली तर लोणावळ्यापुढच्या मळवलीला उतरून भाजे लेणी गाठा. तिथलं चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं, अगदी साधं, मूर्तीशिवायचं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मात्र धबधब्याच्या गर्दीत तिथे श्वासही ऐकू येत नाही. भाजे गावात त्रिरत्नचं सद्धम्म प्रदीप हे शिबिरकेंद्र आहे; तिथली छोटी निवासी शिबिरं दहा दिवसांच्या आधीची चांगली मधली पायरी ठरतात, कारण त्यांत मौनही असतं आणि गटचर्चाही. अंधेरी पूर्वेची महाकाली लेणी शहरातच आहेत, तासाभराच्या बैठकीला पुरतात. नालासोपाऱ्याचा स्तूप उत्खनन झालेला (१८८२, भगवानलाल इंद्रजी) आणि उघड्यावर आहे. तिथे सावलीच्या हिशोबाने सकाळीच जावं.

दहा दिवसांचं शिबिर कधी?

रोजची तीस मिनिटं तीन महिने टिकली, की. आधी नको.

सत्यनारायण गोयंका यांनी भारतातलं पहिलं विपश्यना शिबिर १९६९ साली मुंबईतच घेतलं. आज मुंबईकराला दोन ठिकाणं जवळ: गोराईच्या ग्लोबल पॅगोडालगतचं धम्म पत्तन आणि इगतपुरीचं धम्मगिरी. गोराई खाडीपलीकडे आहे. बोरिवली पश्चिमेहून जेट्टी आणि बोट. पॅगोडात नवख्यांना थोडा वेळ आनापान (श्वासाचं ध्यान) शिकवतात, शिबिराआधी ते एकदा करून पाहायला हरकत नाही. डोंगर आणि झाडी हवी असेल तर इगतपुरी. जागेसाठी आगाऊ अर्ज लागतो. दिवाळी आणि मेच्या सुट्टीतल्या जागा फार लवकर भरतात. चाकरमान्यांनी जानेवारी-फेब्रुवारी पाहावी.

शुल्क नाही. दानही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच घेतात. साधनेसाठी आधीच हजारो रुपये मागणारं कुणी भेटलं, तर हे मोजमाप लक्षात ठेवा.

पहाटे चारला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद, दिवसाची एकूण बैठक दहा तासांच्या घरात. जेवण अकराला, नव्या साधकाला पाचला चहा आणि फळ, आधी शिबिर केलेल्या जुन्याला नुसतं लिंबूपाणी. फोन, वही, पुस्तक जमा. दहाव्या दिवसापर्यंत आर्यमौन, म्हणजे बोलणं आणि खुणाही बंद. पहिले तीन दिवस श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना (शरीरातल्या संवेदना पाहणं) सुरू, दहाव्या दिवशी मैत्री. या काळात इतर कुठलीही साधना, जप, अगदी रोजची वंदनाही थांबवायला सांगतात. विहारातून आलेल्यांना ते खटकतं. तो नियम तंत्र शुद्धपणे तपासण्यासाठी आहे. मान्य नसेल तर अर्जच करू नका, आत जाऊन चोरून गाथा म्हणू नका.

दुसरा आणि सहावा दिवस जड जातो, असं जुने साधक सांगतात. बॅग भरावीशी वाटली तर सहायक आचार्यांना भेटा. निर्णय रात्री घेऊ नका. मानसिक आजार असेल किंवा त्यावर औषधं चालू असतील तर अर्जात खरं लिहा, डॉक्टरांना विचारा आणि औषध स्वतःहून बंद करू नका. दीर्घ मौनात दबलेलं वर येतं, आणि ते सांभाळायला प्रत्येक वेळी दहा दिवस ही योग्य जागा नसते.

अकराव्या दिवशी सकाळी बाहेर पडता. त्याच दिवशी कामावर रुजू होऊ नका. एक दिवस हातात ठेवा: घरचं जेवण, दुपारची झोप, संध्याकाळी विहार. घरच्यांना तासभर विपश्यना समजावत बसू नका. सूनबाई दहा दिवसांनी येऊन प्रवचन देऊ लागल्या की सासूबाईंचा पहिला प्रश्न "मग भांडी कोण घासणार?" हाच असतो, आणि तो रास्त आहे.

बदल कशात मोजायचा?

ध्यानात काय दिसलं, प्रकाश की झिणझिण्या, यात नको. पंचशीलात मोजा. दर महिन्याला एक शील घ्या आणि रात्री वहीत दोन ओळी लिहा: आज ते कुठे मोडलं, आणि मोडण्याच्या क्षणाआधी शरीरात काय जाणवलं. चौथ्या शिलाचा, खोटं न बोलण्याचा, महिना सगळ्यात लांब वाटतो, कारण "दादरला पोहोचलोच" हे कांजूरमार्गला उभं राहून फोनवर सांगितलेलंही त्यात येतं. वही महिन्याअखेरीस एका कल्याणमित्राला वाचून दाखवा. आवडते तेवढेच परिच्छेद नव्हे, सगळी.

सोणाची गोष्ट ठाऊक असेल: चालून चालून पाय रक्तबंबाळ केलेल्या त्या भिक्खूला बुद्धांनी वीणेच्या तारांची आठवण दिली. फार ताणली तरी वाजत नाही, फार ढिली सोडली तरी नाही. महिन्याला चार विहारभेटी, एक लेणंभेट आणि रोजची अर्धा तास बैठक, एवढी तार नोकरी करणाऱ्याला पहिल्या वर्षी झेपते. त्यातलं काही सुटणारच असेल तर लेणंभेट सोडा, विहार सोडू नका. पुढच्या आषाढ पौर्णिमेला वाचन पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतं. तेव्हा दारात घुटमळणाऱ्या नव्या माणसाला जवळ बसवायचं काम तुमच्याकडे आलेलं असेल.